जुने गोवे आणि थबकणारी पावले

मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर जुने गोवे वसले आहे. वसले आहे म्हणण्यापेक्षा उरले आहे असे म्हणणेच अधिक यथार्थ होईल. एके काळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी असलेल्या या नगरात आता राजवाडे नाहीत, पेठा नाहीत, गजबजलेले धक्के नाहीत. साथीच्या रोगांनी माणसे नेली, राजधानी पणजीस गेली आणि माडांच्या गर्दीत उरली ती भव्य ख्रिस्तमंदिरे. 1986 साली युनेस्कोने त्यांची गणना जागतिक वारशात केली. परंतु बेळगाव, खानापूर, सावंतवाडी, कारवार या बाजूंच्या आमच्या कुटुंबांचे या स्थळाशी असलेले नाते त्याहून फार जुने आहे. दरवर्षी 24 नोव्हेंबरास संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना सुरू झाली की कित्येक भाविक घाट उतरून पायी निघतात व 3 डिसेंबरच्या फेस्तापर्यंत ‘गोंयच्या सायबा’च्या चरणी पोहोचतात.

प्रिय वाचकहो, या स्थळाची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. आज आम्ही ते निराळ्या दृष्टीने दाखवू इच्छितो. ज्यांचे पाऊल चालता चालता एकाएकी जमिनीस खिळून राहते, अशा यात्रेकरूस जुने गोवे कसे दिसते, हा या लेखाचा विषय आहे.

आमचे थोरले काका तरुणपणी खानापूरकडील मंडळींबरोबर पायी सायबाच्या दर्शनास जात असत. आता ते एकाहत्तर वर्षांचे असून सहा वर्षांपासून कंपवाताने आजारी आहेत. हात कापतो, अंग ताठते, आवाज क्षीण झाला आहे आणि अक्षर मुंगीएवढे बारीक झाले आहे. घरच्यांच्या प्रेमामुळे त्यांची जागा ओसरीवरील खुर्चीत ठरून गेली होती. पाणी हातात, जेवण समोर, मिस्सा रेडिओवर. “मला सायबाकडे न्या, आणि चालत न्या,” एवढेच मागणे त्यांनी आमच्यापाशी केले. बेळगावच्या एका व्यायामोपचारतज्ज्ञ बाईंनी त्यांस तीन महिने रोज व्यायाम शिकविला, डॉक्टरांनी अनुमती दिली. मग फेस्ताची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या आरंभी, काका, काकी व आम्ही असे तिघे निघालो.

प्रवास सांगण्यापूर्वी रोगाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. मेंदूच्या खोल भागात काही काळसर पेशी असतात. त्या डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करतात व त्यायोगे आपल्या हालचाली सहज, न विचार करता घडतात. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या म्हणजे कंपवात जडतो. स्नायूंचे बळ जात नाही. बळास मिळणारा हुकूम अडखळतो. लंडनच्या हॉक्स्टन भागातील जेम्स पार्किन्सन या वैद्याने 1817 साली सहा रुग्णांचे निरीक्षण करून या रोगावर निबंध लिहिला. त्यांपैकी काहींस तर त्याने केवळ रस्त्याने चालताना पाहिले होते. ज्या धर्मग्रामात त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच शोरडिच येथील सेंट लिओनार्ड मंदिरात त्याचा विवाह झाला व तेथेच त्यास मूठमाती मिळाली. आपल्याच वस्तीतील माणसांची चाल लक्षपूर्वक पाहणाऱ्या त्या गृहस्थाचे नाव आज जगभर या रोगास दिले जाते.

आमचा मुक्काम दिवाडी बेटावर आप्तांकडे होता. सकाळी फेरीबोटीने मांडवी ओलांडली. काकांची गोळी ठरल्या वेळी, उपाहाराच्या पुष्कळ आधी दिली होती. कारण ही गोळी पोटात गेल्यावर काही वेळाने अंग मोकळे होते, आणि चालणे वा व्यायाम त्या मोकळ्या वेळात करणे हितकर असते. बोट धक्क्यास लागली. समोर उतरती लोखंडी फळी आणि पलीकडे जमीन. काकी भ्यायल्या. म्हणाल्या, “अहो, पुढे नका जाऊ. येथूनच सायबाला हात जोडा.”

“हात घरूनही जोडता आले असते,” काका हळू आवाजात म्हणाले, आणि आमच्या खांद्यावर हात ठेवून उतरले.

धक्क्यापासून थोडेच पुढे व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असताना ती उभारण्यात आली. 1954 साली तिची पुनर्बांधणी झाली. पूर्वी नवा व्हाइसरॉय आला की याच कमानीतून नगरात प्रवेश करीत असे. काका मात्र तिच्या तोंडाशी आले आणि थांबले. टाचा उचलत, पण पावले पुढे पडत ना. मागून एक मोटार येऊन उभी राहिली, भोंगा वाजला, आणि पाय अधिकच खिळले.

कंपवाताच्या रोग्यास दरवाजा, अरुंद वाट, वळण, घाई किंवा गर्दी यांपाशी असे होते. पाहणाऱ्यास वाटते, माणूस हट्ट करतो आहे अथवा भ्याला आहे. काकींनी त्यांचा हात पुढे ओढला. अशा वेळी ओढणे धोक्याचे असते. पाय जागीच राहतात, धड पुढे जाते आणि माणूस तोंडावर पडतो. बाईंनी शिकविलेला क्रम निराळा होता. प्रथम पूर्ण थांबावे. श्वास घ्यावा. ताठ उभे राहावे. शरीराचा भार एकदा डाव्या व एकदा उजव्या पायावर द्यावा, आणि मग ‘एक’ म्हणून मोठे पाऊल टाकावे. मोटारवाल्यास हाताने थांबण्याची खूण करून आम्ही आपले पाऊल काकांच्या पुढे आडवे ठेवले. “काका, हे ओलांडा,” म्हणताच त्यांनी ते ओलांडले आणि कमानीच्या सावलीतून उजेडात आले. मोटारवाला बिचारा उतरून विचारू लागला, मदत हवी का म्हणून.

आडवे पाऊल ओलांडता येते आणि मोकळ्या जमिनीवर चालता येत नाही, हे नवल खरे. परंतु त्याचे कारण आहे. आपोआप चालण्याची मेंदूतील वाट बिघडलेली असते. डोळ्यांनी पाहून, मनाने ठरवून पाऊल टाकण्याची दुसरी वाट पुष्कळ अंशी शाबूत असते. जमिनीवरील रेघ, मोजलेला आकडा, गाण्याचा ठेका यांच्या साह्याने रोगी त्या दुसऱ्या वाटेने चालू लागतो.

याची उत्तम प्रचीती असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मंदिरात आली. हे मंदिर सध्याच्या रूपात 1661 सालचे आहे आणि त्याची जमीन जुन्या घराण्यांच्या थडग्यांच्या दगडांनी मढविलेली आहे. दगडांवर ढाली कोरल्या आहेत, नावे कोरली आहेत, आणि प्रत्येक दगडाची कड सरळ रेघेसारखी दिसते. दाराशी अडखळलेले काका त्या कडांवर दृष्टी ठेवून, एकेक कड ओलांडीत, वेदीपर्यंत विनासायास चालत गेले. परत फिरताना त्यांनी जागच्या जागी गिरकी घेतली नाही. शिकविल्याप्रमाणे मोठे वर्तुळ घेऊन ते वळले, कारण गिरकीत पाय एकमेकांत अडकतात. मृतांसाठी प्रार्थना म्हणूनच आम्ही तेथून निघालो.

शेजारच्या संत कॅथरिनच्या महामंदिरास वळसा घालून, रस्ता ओलांडून आम्ही बॉम जेझूच्या बासिलिकेत गेलो. 1605 साली अभिषिक्त झालेले हे मंदिर. बाहेरून उघड्या तांबड्या चिऱ्याचे, आत सोन्याने झळकणारे. संताचे अवशेष ज्या रुपेरी पेटीत आहेत ती सतराव्या शतकातील गोव्याच्या कारागिरांची करणी, आणि खालची संगमरवरी समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याची देणगी. येथे काका बाकावर बसले व बराच वेळ बोलले नाहीत. उठताना आम्ही हात पुढे केला. तो त्यांनी नाकारला. बाकाच्या कडेपर्यंत सरकले, पाय मागे घेतले, धड पुढे झुकविले आणि उठले. मग पुन्हा बसले व पुन्हा उठले. पाच वेळा. काकी हसू लागल्या. “आता सायबासमोर कसरत?” काका म्हणाले, “त्यालाच दाखवतो आहे.”

तेथून परतावे असे काकींचे मत होते. काकांना डोंगरावरील माउंटच्या मातेच्या कपेलात जायचे होते. टेकडीच्या पायथ्यापर्यंत रिक्षाने गेलो. वर जाणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या पाहून काकी मटकन खालीच बसल्या. आणि सपाट रस्त्यावर अडखळणारे काका त्या पायऱ्या एका लयीत चढू लागले! प्रत्येक पायरी ही एक रेघच होय. डोळ्यांस ती दिसते आणि पाय उचलला जातो. दहा पायऱ्या, विसावा, पुन्हा दहा. प्रत्येक पायरीस ‘नमो मारिये’ प्रार्थनेचे शब्द ते मोठ्याने उच्चारीत होते. या रोगात आवाजही आतल्या आत विरतो. मुद्दाम मोठ्याने म्हटलेली जपमाळ व गायिलेली गीते हा आवाजाचाही व्यायाम आहे.

वरून मांडवीचे रुंद पात्र, दिवाडीची हिरवी शेते, माडांच्या शेंड्यांवर आलेले मंदिरांचे मनोरे आणि पश्चिमेच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या मंदिराचा 46 मीटर उंच भग्न बुरूज असे सारे जुने गोवे दृष्टीस पडते. 1842 साली त्या मंदिराची कमानदार छपरे कोसळली, पुढे दर्शनी भागही ढासळला; बुरूजाचा अर्धा भाग अद्याप उभा आहे. काका त्याकडे पाहत राहिले. उतरताना तोल जाण्याचे भय अधिक, म्हणून मागच्या बाजूच्या रस्त्याने वाहन बोलावून त्यांस खाली आणले. धाडस व अविचार यांत अंतर आहे, आणि ते रोग्याने व घरच्यांनी दोघांनीही ओळखावे.

व्यायामाने हा रोग बरा होतो असे कोणी समजू नये. परंतु व्यायाम ही केवळ करमणूकही नव्हे. अमेरिकेतील 128 नवरुग्णांवर केलेल्या व 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून तीन दिवस चालत्या पट्ट्यावर जोराने चालणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत जवळजवळ होती तशीच राहिली. नेहमीप्रमाणे राहणाऱ्यांची वाढली. 2012 साली 195 रुग्णांचा असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चीनमधील ताई ची ही संथ कसरत आठवड्यातून दोनदा करणाऱ्यांचा तोल सुधारला व पडणे कमी झाले. 2010 साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत छापली. त्याला चार पावले टाकणे कठीण होते, पण सायकल तो सफाईने चालवीत असे. आठवड्यास सुमारे 150 मिनिटे व्यायाम व्हावा असे तज्ज्ञ सांगतात. आमच्या खेड्यांत चालता पट्टा नसेल; परंतु शेताचा बांध आहे, चर्चचे पटांगण आहे, आणि अंगणात चुन्याने रेघा ओढण्यास खर्च येत नाही. मात्र आरंभ डॉक्टरांस विचारून व कोणास सोबत घेऊनच करावा. गोळ्या आपल्या मनाने कमी करू नयेत.

पोप संत दुसरे जॉन पॉल 1986 साली गोव्यास आले, तेव्हा डोंगर चढणारे, बर्फावरून घसरणारे धडधाकट पुरुष म्हणून जग त्यांस ओळखत होते. पुढे याच रोगाने त्यांस ग्रासले. 2004 च्या ऑगस्टात, मृत्यूच्या काही महिने आधी, ते आजारी यात्रेकरूंमधील एक होऊन लूर्द येथे गेले. कापणारा हात व अडखळणारा शब्द त्यांनी लोकांपासून लपविला नाही. आमच्या कित्येक घरांत मात्र असा रोगी लाजेने मिस्सेस येणे सोडतो, आणि घरचे लोक प्रेमाने त्यास सोडू देतात. कुरेनेच्या शिमोनाने क्रूस वाहण्यास मदत केली. परंतु प्रभूच्या जागी तो चालला नाही. सेवा करणाऱ्यांनी एवढी मर्यादा ध्यानी ठेवावी. पाणी आणून देण्यापूर्वी, त्यांना स्वतः उठून घेता येईल काय, हे पाहावे. धर्मग्रामातील तरुणांनी आठवड्यातून दोन सायंकाळी अशा वडीलधाऱ्यांबरोबर चर्चच्या पटांगणात चार फेऱ्या घालाव्यात. धर्मगुरूंनी मंदिराच्या दाराशी एक कठडा व उंबरठ्यावर एक ठळक पट्टा करवून घ्यावा. आणि कोणी दाराशी थबकला, तर मागच्याने त्यास ढकलू नये; त्याचे पाऊल पडेपर्यंत थांबावे.