एक्स-रे चांगला, तरी गुडघा दुखतोच

सांधा बदललेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन काढू नये, असं मी कितीतरी वर्षं ठामपणे सांगायचो. मी रत्नागिरीत रेडिओलॉजिस्ट आहे. इथले अस्थितज्ज्ञ माझा शब्द मानतात, म्हणून ते मत बदललं हेही उघडपणे सांगायला हवं.

तेव्हाच्या मताला आधार होता. गुडघ्यात बसवलेला कोबाल्ट-क्रोमियमचा धातू क्ष-किरणांना जवळजवळ अडवूनच धरतो. मग चित्रात सांध्याभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गोंधळ उडायचा; हाड कुठलं, सिमेंट कुठलं, काही कळायचं नाही. त्यासाठी पेशंटला खर्चात आणि किरणोत्सर्गात कशाला लोटायचं?

पुढे दोन वेगवेगळ्या ऊर्जांनी चित्र घेणारी यंत्रं आली, पट्टे कमी करणारी सॉफ्टवेअरं आली. पण मला खरं हलवलं ते पेशंटांनी. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला आणि घरोघरी या ऑपरेशनची चर्चा सुरू झाली. आमच्याकडचे लोक मुंबईला मुलाकडे राहून गुडघा बदलून येतात. दुखणं उरलं तर ते इथे, गावात उरतं. अशाच एक काकी. घर उतारावर, पायऱ्या चिऱ्यांच्या. "चढता येतं हो डॉक्टर, उतरताना जीव जातो." एक्स-रे उत्तम असल्याचं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि तो उत्तमच होता.

मात्र सांधा आपल्याच अक्षाभोवती किती वळून बसलाय, हे नेहमीच्या एक्स-रेत नीट मोजता येत नाही. सीटीत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा आडवा छेद घ्यायचा, दोन्ही बाजूंचे उंचवटे रेघेने जोडायचे आणि धातूच्या मागच्या कडेशी त्या रेघेचा कोन मोजायचा. नडगीकडच्या भागाचंही तसंच. सांधा जितका आत वळलेला, तितका वाटीचा त्रास जास्त, हे रिचर्ड बर्गर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं. काकींचा सांधा आत वळलेला निघाला. त्यांचं दुखणं मनाचे खेळ नव्हते, हे आकड्यात लिहिता आलं.

खुब्याचंही तेच. कृत्रिम खुब्यातल्या प्लास्टिकच्या झिजेमुळे त्याच्या कपामागचं हाड पोखरतं, पण एक्स-रेत धातूच त्याला झाकतो. पुन्हा ऑपरेशन करायचं तर किती हाड शिल्लक आहे हे सर्जनला आधी कळायलाच हवं.

सरसकट स्कॅनला माझा विरोध आजही आहे. आधी जंतुसंसर्गासाठी रक्ततपासणी, गरज पडली तर सांध्यातलं पाणी काढून तपासणं. कमरेतून येणारी कळही वगळायची. एवढं करून दुखणं उरलं, तर मात्र सीटी मागवाच. आणि चिठ्ठीवर नुसतं 'गुडघ्याचा सीटी' लिहू नका. आत धातू आहे, कोन मोजायचे आहेत, हेही लिहा, म्हणजे तंत्रज्ञ पाय सरळ ठेवून झोपवतो आणि मशीनची सेटिंग आधीच बदलून घेतो.