जीपचे टायर

गेल्या श्रावणात आईला रात्री दम्याची उबळ आली, म्हणून जीप काढली. वस्तीपासून डांबरी सडक अवघी एक किलोमीटर. पण काळ्या रानाच्या चिखलात फोर-व्हील टाकूनही चाके जागच्या जागी फिरू लागली. शेवटी शेजारच्या आबांनी बैल जुंपून जीप ओढली. आई वाचली, पण झिजलेल्या टायरांवर आणखी एक हंगाम काढायचा माझा हिशेब अंगाशी आला होता.

दुकानात मी खास चिखलाचे, खोल खाचांचे टायर धरून बसलो. ही म्हणाली, "अहो, रोज दूध घेऊन डांबरीनेच जाता ना? चिखल वर्षातून किती दिवस?" खरेच होते. तसले टायर डांबरीवर घोंगावतात नि लवकर झिजतात. म्हणून दोन्हीकडे चालणारे 'ऑल-टेरेन' घेतले. चारही एकाच मापाचे. चाके लहानमोठी असली तर फोर-व्हीलच्या गिअरवर ताण येतो. कडेचे चार आकडेही वाचले. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. असला जुना माल स्वस्त असूनही परत केला.

खाच १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलावा, असा नियम आहे. चिखलात मात्र त्याच्या कितीतरी आधीच टायर हात टेकतो. पाऊस पडण्यापूर्वीच आपापले टायर एकदा बघून घ्या.