खडूच्या समुद्रातला पक्षी

१२ जून, हेज (कॅन्सस)
लेकीच्या गाडीतून विचिटाहून तीन तास. दोन्हीकडे कापणीला आलेला गहू, समुद्राचं नाव नाही. संग्रहालयात मात्र चौदा फुटी मासा आणि त्याच्या पोटात आख्खा सहा फुटी मासा. जावई म्हणाले, "आई, हावरटपणा नडला." साडेआठ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता.

१३ जून, मॉन्युमेंट रॉक्स
ओकलीच्या दक्षिणेला, कच्च्या रस्त्याने. माळरानावर एकदम पिवळट-पांढरे सुळके उभे. हात लावला तर बोटं पांढरी! तीस वर्षं फळ्यावर खडू झिजवला, पण तो बहुतेक जिप्समचा. हा खरा, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांच्या कवचांचा. जागा खासगी मालकीची, तुकडा उचलायला मनाई. बोटांवरची पूड तेवढी घेऊन आले.

१४ जून, विचिटा
रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. १८७२ साली याच खडूच्या थरांत प्राध्यापक बेंजामिन मज यांना सुरयएवढ्या पक्ष्याची हाडं मिळाली. येलच्या ओथनिएल मार्शनी पाहिलं, मणके माशासारखे दोन्हीकडून खोलगट. म्हणून नाव इक्थिऑर्निस, मत्स्यपक्षी. सोबत दातांचे जबडे होते. ते त्यांनी बाजूला काढले आणि एका नव्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या नावावर घातले. पक्ष्याला दात कसे असतील! १८७३ मध्ये लक्षात आलं, जबडे त्याच पक्ष्याचे.
मला हसता येईना. 'पक्ष्यांना दात नसतात' हे वाक्य मी वर्गात अधोरेखित करून घेत असे. एकाही पोराने "कधीपासून?" असं विचारलं नाही. मीही नाही.
१८८० साली मार्शचं या दातवाल्या पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक निघालं. गेल्या वीस वर्षांत उत्क्रांतीला मिळालेला हा सर्वांत चांगला आधार, असं डार्विननी त्यांना कळवलं. पुढे २०१८ मध्ये सीटी स्कॅनवरून कवटी उभी केली, तेव्हा दिसलं की वरच्या चोचीचं टोक बिनदाताचं, मागे आत वळलेले अणकुचीदार दात. म्हणजे माझ्यासारखंच, पुढचे गेले, मागचे शाबूत.

१५ जून
नातीला तो पक्षी 'खराखुरा' बघायचाय. तिला पेटीची गोष्ट सांगितली. मज यांनी हाडांच्या पेटीवर मार्शचे हाडवैरी एडवर्ड कोप यांचा पत्ता घातला होता, म्हणे. ऐनवेळी बदलून मार्शचा घातला. पेटी येलला गेली. मूळ हाडं अजून तिथेच आहेत, न्यू हेवनच्या पीबॉडी संग्रहालयात.