फोर्स नाही

१२ जानेवारी, सोमवार

आयुष्य बोअरच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलं. आज विठ्ठलवाडीत पहिल्यांदाच गच्चीवरच्या गरम टबला हात लावला. घरमालक साईंच्या मुलाने परदेशातून पैसे पाठवून वडिलांच्या गुडघ्यांसाठी बसवून घेतलाय. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. आधी मी स्लॅब बघून आलो. साईंची तक्रार एकच, "मिस्त्री, फोर्स नाही." पॅनेलवर 'एफएलओ', म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही आणि म्हणून हीटर लागत नाही. आधीचा मेकॅनिक नवा पंप सांगून गेलेला. मी फिल्टर काढून बाजूला ठेवला आणि पंप चालू केला. पाणी उसळलं, हीटरही लागला. पंप ठणठणीत! फिल्टरच्या घड्यांत बोट घातलं तर सगळं बुळबुळीत.

१३ जानेवारी

नळाखाली धरून फिल्टर साफ होईना. माझ्या हाताखालचं पोरगं ॲसिड आणायला निघालं होतं, त्याला अडवलं. तेलकट घड्यांवर आधी ॲसिड पडलं तर चिकटा कायमचा बसतो. तेल काढायच्या पावडरीच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला. पण टबात तेल आलं कुठून? साईंच्या घरच्या भाभी हसायला लागल्या. साईं रोज गुडघ्यांना महानारायण तेल चोळतात आणि तसेच पाण्यात उतरतात.

१५ जानेवारी

पोरगं विचारत होतं, जकुझी म्हणजे काय. माणसांचं आडनाव आहे, म्हटलं. इटलीहून अमेरिकेत गेलेले भाऊ. आधी विमानांचे पंखे केले, मग विहिरींचे पंप. त्यातल्या कँडिडोच्या मुलाला संधिवात होता. त्याला घरच्या टबातच शेक मिळावा म्हणून त्यांनी टबात सोडायचा पंप केला आणि १९५०च्या दशकात तो बाजारात आणला. म्हणजे आपल्याच धंद्यातली माणसं. पोराला विमानाचं जास्त कौतुक.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज नळाला पाणी नाही आणि साईंनी नेमका टब धुऊन रिकामा केलेला. टँकरने भरला. पंप नुसता गुणगुणतोय, पाणी हलत नाही. हवा धरली होती. एमसीबी पाडला, पंपाचं वरचं युनियन अर्धा आटा सैल केलं. फुस्स करून हवा गेली, थेंब दिसले, लगेच आवळलं. दोन मिनिटांचं काम. वाट बघण्यात गेली ती दुपार वेगळी.

१८ जानेवारी, रविवार

दोन जेट अजून मंद. मला वाटलं इम्पेलरमध्ये केस अडकले असणार. टब उपसला, पंप उघडला. आत एक केस नाही. दीड तास गेला, पाणी गेलं ते निराळंच. शेवटी साईंच्या नातवाने येऊन जेटच्या तोंडावरची चकती फिरवली आणि म्हणाला, "ही मीच बंद केली होती, गुदगुल्या होतात."

भाभींना आता वज्रेश्वरीला जायचंय. तिथल्या अकलोलीच्या कुंडांत गरम पाणी जमिनीतूनच येतं, ना हीटर ना पॅनेल. तिथे तरी तेल लावून उतरू नका, म्हटलं.

बिलात पंप उघडल्याची मजुरी धरली नाही.