नेम

सेमिनरीत असताना श्रद्धेची व्याख्या आम्हांस मुखोद्गत होती. श्रद्धा हे परमेश्वराचे दान आहे, ती बुद्धीने दिलेला होकार आहे आणि त्या होकारामागे मनुष्याची मुक्त इच्छा उभी असते, असे आम्हांस शिकविले जाई आणि परीक्षेत आम्ही ते तसेच लिहीत असू. ते तेव्हा खरे होते व आजही खरे आहे. मात्र दान म्हणून लाभलेली ही श्रद्धा साठ-सत्तर वर्षे टिकते कशी, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आला नाही. तो आमच्यापुढे आला गुरुदीक्षेनंतर, लोकांच्या ओटीवर, आजाऱ्याच्या खाटेशी आणि दफनभूमीतून परतताना. धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत शेकडो नावे असतात. त्यांतली किती माणसे अखेरपर्यंत प्रभूबरोबर चालली, याचा रकाना त्या वहीत नसतो.

या प्रश्नाचे थोडेफार उत्तर आम्हांस मिळाले ते धसईला.

धसई हे मुरबाड तालुक्यातले, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. ठाकर, कातकरी व कुणबी वस्त्यांनी वेढलेली ही एक बाजारपेठ. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून तिचे नाव वर्तमानपत्रांत आले होते, त्यावरून काही वाचकांना ते आठवेल. या मुलखाला निष्ठेचे मोल नवे नाही. याच तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आपल्या कॅथलिक समाजाची घरे मात्र येथे जवळजवळ नाहीतच. एखादा शिक्षक, एखादा बँकेतला कर्मचारी नोकरीनिमित्त येतो आणि बदली झाली की जातो. राहिल्या त्या एक बाई.

त्या मूळच्या वसईकडच्या. तरुणपणी सरकारी आरोग्यसेवेत परिचारिका म्हणून या भागात आल्या आणि येथल्याच झाल्या. गाव त्यांना नर्सबाई म्हणतो, आम्ही मावशी म्हणतो. पती निवर्तले, मुलगा शहरात स्थायिक झाला, तरी त्यांनी घर सोडले नाही. रविवारची मिस्सा गाठायची तर पहाटेची एस.टी. धरावी लागे, पुढे दुसरी गाडी, आणि पावसाळ्यात त्या प्रवासाचा भरवसा नसे. म्हणून ज्या रविवारी जाणे घडत नसे, त्या रविवारी सकाळी नऊ वाजता त्या मेणबत्ती लावीत, त्या दिवसाचे शुभवर्तमान मोठ्याने वाचीत आणि रोझरीची पाच दशके म्हणत. ऐकणारे कोणी नसे. हा क्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला आहे. शेजारी एक माळकरी आजोबा राहतात. रविवारी नऊच्या सुमारास नातवंडांनी ओट्यावर गलका केला, की ते त्यांना दटावतात, "गप बसा रे, नर्सबाईंचा नेम चाललाय."

नेम हा शब्द त्या आजोबांनी आम्हांस दिला. 'निष्ठा' भाषणात शोभते, 'नेम' घरात राहतो. पायी वारी करणाऱ्या माणसाला त्याचे वजन जितके कळते, तितके ते आम्हा प्रवचनकारांना कळत असेल की नाही, याची आम्हांस शंका आहे.

गेल्या श्रावणात आम्ही मावशींकडे ख्रिस्तशरीर घेऊन गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी चहा पुढे ठेवला आणि काहीशा संकोचाने बोलू लागल्या.

"फादर, एक विचारू? गेली सात-आठ वर्षं मला प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. पूर्वी माळ हाती घेतली की डोळे भरून यायचे. आता मणी सरकतात, एवढंच. मुलगा म्हणतो, वाटत नसताना म्हणायचं म्हणजे ढोंग आहे, आई. मग मी इतकी वर्षं ढोंग करते आहे का?"

त्यांचे वय ऐंशीच्या घरात. हृदयाचे दुखणे जडलेले. पुढचा पावसाळा दिसेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. प्रभूसमोर आपण रिकाम्या हाताने उभे राहणार काय, हा त्यांच्या प्रश्नाचा खरा अर्थ होता, आणि तो हलक्या शब्दांत झटकून टाकण्यासारखा नव्हता.

मुलाचा आक्षेपही आम्ही क्षुल्लक मानत नाही. आजच्या पिढीला प्रामाणिकपणा प्रिय आहे. मनात नाही ते ओठांवर आणू नये, असे तिला वाटते आणि त्यात खोट नाही. प्रभू येशूनेही चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना फटकारले आहे. परंतु ढोंगाला प्रेक्षक लागतो. मावशींच्या त्या खोलीत पाहणारे कोणी नव्हते, मिळवायचे काही नव्हते, आणि सुखद भावनेचे बक्षीसही आता उरले नव्हते. रात्री तीनदा उठून तान्ह्याला पाजणाऱ्या आईच्या मनात दर वेळी वात्सल्याचा पूर येत नाही. ती झोपेने पेंगत असते, तरी उठते. तिला कोणी ढोंगी म्हणत नाही. भावना ही प्रेमाची पाहुणी आहे. घर चालते ते उठण्याने.

मावशी वसईच्या, म्हणून आम्ही त्यांना वसईच्याच संताची गोष्ट सांगितली. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. वसईत जन्मलेला, पोर्तुगीज पिता व येथल्याच मातेचा हा पुत्र जेझुइटांबरोबर जपानला गेला. त्यांच्या संघात प्रवेश मिळावा, ही त्याची इच्छा सफळ झाली नाही. काही काळ त्याने व्यापार केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत म्हणून घोषित केले. येथपर्यंत आपण दर वर्षी सणाच्या प्रवचनात ऐकतो.

त्यापुढची हकिकत आपण क्वचितच सांगतो. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६४४ च्या सुमारास अखेरचा धर्मगुरूही मारला गेला. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी व कोळी मागे राहिले. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, चर्च नाही. दर वर्षी अधिकाऱ्यांसमोर त्यांना येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यावा लागे. पुष्कळांनी तो दिला. नंतर घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. गावातला एक जण सणवारांचे पंचांग सांभाळी, दुसरा बालकांना स्नानसंस्कार देई. आई मुलाला प्रार्थना शिकवी, तीही कुजबुजत. लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या घासून ओळखू येईनासे झाले. अर्थही बराचसा हरवला असेल. म्हणणे थांबले नाही.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतल्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये काही खेडूत स्त्री-पुरुष आले. हे चर्च परदेशीयांसाठी बांधलेले होते. फादर बर्नार्ड पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन एका स्त्रीने हळूच सांगितले, की त्यांचे आणि आपले हृदय एकच आहे. पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असेही तिने विचारले. आपण सध्या प्रभूच्या दुःखाचा काळ पाळीत आहोत, असे ते म्हणाले, आणि तो खरोखरच प्रायश्चित्तकाळ होता. दोनशे वर्षांहून अधिक काळ धर्मगुरूवाचून राहिलेल्या माणसांनी उपवासाचे दिवस सांभाळले होते. बंदी मात्र अजून उठली नव्हती. उराकामी खेड्यातील तीन हजारांवर श्रद्धावंतांना हद्दपार करण्यात आले आणि १८७३ मध्ये परत येण्यापूर्वी त्यांतले सहाशेंहून अधिक वारले.

हुतात्म्याची निष्ठा एका सकाळी कसाला लागली आणि तिला वेदीवर मान मिळाला. या कोळी-शेतकऱ्यांची निष्ठा सात पिढ्या कसाला लागत राहिली. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोठेही नाहीत. प्रतिमेवर पाय देऊन रात्री रडणाऱ्या त्या माणसांना आम्ही निष्ठावंत म्हणतो, कारण ते परत परत गुडघे टेकत राहिले. पेत्रानेही प्रभूला तीनदा नाकारले होते. त्याच्या आणि यहूदाच्या कथेतले अंतर पतनात नाही, परतण्यात आहे.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या बायांना फादरसुद्धा नव्हते. मला निदान महिन्या-दोन महिन्यांनी तुम्ही तरी येता."

आपल्या घराकडेही अशी उदाहरणे आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपीय धर्मगुरूही निघून गेले. ज्यांचा धर्म केवळ राजसत्तेच्या आधाराने उभा आहे असे वाटत होते, ते शेतकरी व कोळी मात्र आपल्या श्रद्धेसह मागे राहिले. गोव्याकडून आलेल्या मोजक्या देशी धर्मगुरूंनी त्यांना सांभाळले, आणि उरलेले काम घराघरांतल्या सायंप्रार्थनेने केले. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रथम छापले गेले, पुढे दोनदा पुन्हा छापले गेले, तरी त्या छापील प्रती आज हाती नाहीत. ते महाकाव्य आपल्यापर्यंत पोचले ते भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. ओवीमागून ओवी नकलून काढणाऱ्या त्या हातांना दर ओवीला गहिवर येत असेल, असे आम्हांस वाटत नाही. बोटे दुखत असतील.

कोरडेपणा हा दुबळ्यांचाच वाटा आहे असेही नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग थक्क झाले. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवले नव्हते. त्या काळोखातही त्या पहाटे उठत, मिस्सेला बसत आणि मग मरणासन्नांकडे जात. ४ सप्टेंबर २०१६ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले, ते हा काळोख पूर्णपणे ठाऊक असताना. आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही. नित्यप्रार्थनेचा ग्रंथ उघडावा आणि स्तोत्रे वाळूसारखी तोंडात घोळावीत, असे महिनेच्या महिने आमच्याही वाट्यास आले आहेत.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नेम कठीण होऊन त्याचा दगडही होऊ शकतो. जो नेम शेजाऱ्याकडे तुच्छतेने पाहायला शिकवितो, तो ख्रिस्ताचा नव्हे. नोकरीच्या काळात मावशींची रविवारची माळ कितीदा तरी मध्येच सुटली, कारण दाराशी कोणी वाडीवरून धापा टाकीत आलेले असे आणि तिकडे बाळंतीण अडलेली असे. त्या माळ देव्हाऱ्यात ठेवून निघत. त्यांचा नेम तेव्हा मोडला काय? आमच्या मते तो त्या वाटेवरच पुरा होत होता. त्यांच्या घरी होळीची पुरणपोळी येते, त्यांच्याकडून नाताळच्या करंज्या जातात, आणि त्यामुळे कोणाचाही देव दुखावला गेल्याचे ऐकिवात नाही.

वाचकहो, आपल्या घरांतून सायंकाळची रोझरी हळूहळू नाहीशी होत आहे. वेळ नाही, मन लागत नाही, मुले कंटाळतात, ही कारणे आम्ही ऐकतो आणि ती खोटी आहेत असे म्हणत नाही. मन लागण्याची वाट पाहू नका, एवढेच आम्हांस सुचवावेसे वाटते. पाच दशके जमत नसतील तर एक म्हणा, पण ठरल्या वेळी म्हणा. मुलांना तेव्हा काही जाणवणार नाही. पुढे कधी एखाद्या परक्या गावी, एखाद्या इस्पितळाच्या बाकावर, त्यांना ते शब्द लागतील आणि ते आधीच ओठांवर असतील.

'नमो मरिया' ही प्रार्थना आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. तिच्यात आपण पवित्र मरियेकडे विनंती करतो ती दोनच वेळांसाठी. एक वेळ आताची, दुसरी मरणाची. मधल्या दीर्घ आयुष्याचा त्यात उल्लेख नाही. जन्मभर खंबीर राहण्याचे बळ एकदम मागावे, असे ही प्रार्थना आपल्याला शिकवीत नाही. ती आतापुरते मागायला शिकविते. आणि एके दिवशी, कोणालाही न सांगता, त्या दोन्ही वेळा एक होतात. तोवर हाती असलेला मणी सोडू नये.