भंगारातून उभा मळा

अलॉटमेंट म्हणजे ब्रिटनमधल्या स्थानिक परिषदेने नागरिकाला वर्षाच्या भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. रेल्वेच्या रुळांलगत, बंद पडलेल्या गिरणीच्या मागे, घरांच्या रांगा संपतात तिथे असे तुकडे एकाला एक लागून असतात. पूर्ण तुकडा १० रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, आपल्याकडचे अडीच गुंठे. मागणी असेल तिथे अशी जमीन पुरवण्याचे कर्तव्य १९०८ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर टाकले. १९२२ च्या कायद्याने तिथे मुख्यतः कुटुंबापुरती भाजी आणि फळे पिकवावीत असे ठरवले. भाड्यात मिळते ती फक्त माती. कुंपण, वाफ्यांच्या कडा, पाण्याचे पिंप, अवजारांचे खोपटे, खत, हे सारे भाडेकरूने उभे करायचे. जुना रिवाज असा की होता होईल तो यातले काही विकत आणायचे नाही.

हा रिवाज नडीतून आला. कामगारांच्या आणि खाणमजुरांच्या वस्त्यांत भाजीचा मळा ही पोटाची सोय होती, फळ्यांवर आणि खिळ्यांवर पैसे घालवणे परवडणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ मोहिमेमुळे अलॉटमेंटची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली, तेव्हा लाकूड आणि लोखंड युद्धाच्या कामाला लागले होते. पुढे सुबत्ता आली तरी सवय टिकली. घराचा निळा दरवाजा मळ्याचे फाटक होतो, न्हाणीघरातला टब गाजरांचा वाफा होतो, सायकलचे चाक बांबूच्या टोकावर आडवे बसते आणि घेवड्याचे वेल त्याच्या आऱ्यांना दोऱ्यांनी टांगले जातात. डेव्हिड क्राउच आणि कॉलिन वॉर्ड यांनी १९८८ मध्ये अलॉटमेंटचे भूदृश्य आणि संस्कृती यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शहराने टाकलेल्या वस्तूंना इथे दुसरा जन्म मिळतो, पण पहिल्या जन्माचे संचित त्या सोबत घेऊन येतात. ते ओळखणे हीच या गोळा करण्यातली खरी विद्या.

सर्वांत आधी लाकूड. गोदामांच्या मागच्या अंगणात मालवाहतुकीचे पॅलेट पडलेले असतात. चार उभे करून कोपरे तारेने आवळले की कंपोस्टची पेटी तयार होते, आणि फटींतून हवा खेळत राहते. पॅलेटच्या ठोकळ्यावरचा शिक्का मात्र वाचावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ‘एचटी’ म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून कीड मारलेली, आणि ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. युरोपीय संघात ही धुरी २०१० पासून बंद आहे, तरी जुने किंवा दूरदेशाहून आलेले पॅलेट सापडू शकते. अंगभर निळा किंवा लाल रंग असलेले पॅलेट सहसा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मालकीचे असते, ते बेवारस दिसले तरी उचलायचे नाही.

वाफ्यांच्या कडांसाठी परांचीच्या फळ्यांना तोड नाही. ३.९ मीटर लांब, २२५ मिलिमीटर रुंद आणि ३८ मिलिमीटर जाड अशी ही फळी तडकली की माणसाचे वजन पेलायला नालायक ठरते. माती पेलायला ती पुढे कित्येक वर्षे पुरते. रेल्वेचे जुने स्लीपर दिसायला भरभक्कम असतात, पण लाकूड टिकवायच्या क्रिओसोट तेलात भिजलेले. उन्हात त्यांतून काळे तेल पाझरते आणि डांबरी वास सुटतो. घरगुती वापरासाठी क्रिओसोटची विक्री २००३ मध्ये बंद झाली, आणि भाजीच्या मुळांशी असे लाकूड ठेवू नये. २००४ पूर्वीच्या हिरवट छटेच्या, रसायन मुरवलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकते. ते वाफ्याला वापरायचे नाही आणि शेकोटीत तर मुळीच घालायचे नाही.

खिडक्या बदलणाऱ्या कारागिरांकडे जुनी तावदाने फुकट मिळतात. चार फळ्यांच्या चौकटीवर तिरके टेकवले की अशा तावदानाखाली थंडीतही पालक आणि लेट्यूस तग धरतात. चौकटीवरचा जुना रंग खरवडताना सावध राहावे लागते, कारण १९६० च्या आधीच्या रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. काही ठिकाणी मळ्यात काच आणायलाच बंदी असते. जुन्या खोपट्यांवरचे करडे नालीदार पत्रे सर्वांत घातक. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, त्यामुळे त्याआधीचा सिमेंटचा पत्रा फोडायचा नाही आणि घासायचाही नाही.

पाण्यासाठी निळी प्लॅस्टिकची पिंपे आणि लोखंडी पिंजऱ्यातल्या १,००० लिटरच्या पांढऱ्या टाक्या कारखान्यांतून निघतात. ज्यात फळांचा रस किंवा पाक होता ती टाकी सोन्यासारखी. ज्यावरचे लेबल फाटले आहे आणि आत काय होते हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही, ती सोडून द्यायची. पांढऱ्या टाकीत उजेड शिरून शेवाळ धरते, म्हणून तिला काळा रंग किंवा जाड आवरण देतात.

किरकोळ वस्तू ऋतूनुसार येतात. जानेवारीत रस्त्यावर टाकलेल्या नाताळच्या झाडांच्या फांद्या वाटाण्याला आधार देतात. वसंतात टॉयलेट पेपरच्या नळकांड्यांत घेवड्याचे बी रुजते आणि नळकांड्यासकट मातीत जाते. बूड कापलेली बाटली रोपावर उपडी घातली की गोगलगायी आणि हिव दोन्ही बाहेर राहतात. तळ गेलेली बादली रुबार्बवर पालथी घालतात, तेव्हा अंधारात त्याचे देठ लांब, गुलाबी आणि कोवळे वाढतात. शरदात फाटक्या लांब मोज्यांत कांदे एकेक गाठ मारून टांगले जातात.

तण दाबायला खोक्यांचा पुठ्ठा उत्तम, फक्त चिकटपट्टी आणि तारेच्या पिना आधी काढायच्या. एके काळी याच कामाला जुने गालिचे पसरत. कृत्रिम धागे आणि रसायने मातीत उतरतात हे लक्षात आल्यावर अनेक ठिकाणी गालिच्यांना मज्जाव झाला.

खताची गोष्ट सर्वांत मोठी. घोड्यांच्या तबेल्यांना लीद ही अडचण असते, म्हणून फाटकाबाहेर गोण्या भरून ठेवलेल्या दिसतात. ताजी लीद मुळांना जाळते, ती कुजवून काळी, भुसभुशीत आणि बिनवासाची झाली की वाफ्यात घालायची. २००८ मध्ये ब्रिटनभर टोमॅटो, घेवडा आणि बटाटा यांची पाने वळून मुरडली, तेव्हा माग लीदेपर्यंत गेला. कुरणावर फवारलेले अमिनोपायरालिड हे तणनाशक गवतातून घोड्याच्या पोटात जाते आणि न बिघडता बाहेर पडते. म्हणून नव्या ठिकाणची लीद मातीत मिसळून आधी कुंडीत घेवडा पेरतात. रोपे सरळ वाढली तरच ती वाफ्यात जाते.

झाडे छाटणाऱ्यांना लाकडाचा चुरा टाकायला जागा हवीच असते. तो वाटांवर पसरला तर चिखल थांबतो, मातीत खणून मिसळला तर कुजताना नत्र ओढून घेतो. ओक आणि बीचची पाने तारेच्या जाळीत दाबून ठेवली की बुरशीच्या कामाने वर्षा-दोन वर्षांत मऊ पानखत होते. वर्दळीच्या रस्त्यावरची पाने धुराची काजळी आणतात, ती नकोत. कॅफेतला कॉफीचा चोथा सुमारे २ टक्के नत्र देतो, पण कोवळ्या रोपांभोवती जाड थर दिला तर वाढ खुंटते. बिअरच्या भट्टीतला हॉप्सचा चोथा चांगले आच्छादन आहे, मात्र तो कुत्र्यांना विषारी. किनाऱ्यावर वादळाने आणून टाकलेले समुद्री शैवालही चालते. जर्सी बेटावर बटाट्याच्या शेतांना ते पिढ्यान्‌पिढ्या घातले गेले आहे. खडकाला धरलेले जिवंत शैवाल मात्र तोडायचे नाही.

फुकट म्हणजे बेवारस असे कायदा मानत नाही. रस्त्यावरच्या कचरापेटाऱ्यातली वस्तूही कुणाची तरी असते आणि न विचारता उचलणे १९६८ च्या कायद्याखाली चोरी ठरू शकते. दार ठोठावून विचारले तर बहुतेक मालकांना ओझे हलके झाल्याचाच आनंद होतो. २००३ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला सुरू झालेली फ्रीसायकल आणि २००९ पासूनची ब्रिटनमधली फ्रीगल या मंडळींनी हेच देणेघेणे अनोळखी माणसांपर्यंत नेले. उलट बाजूचा धोकाही आहे. पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून आणलेल्या वस्तू साचत जातात, वाफे झाकले जातात आणि परिषदेची नोटीस येते. आठवडाभरात जागी बसणार नाही ती वस्तू न आणणे बरे.

भाडेपट्टा संपला की हिशेब होतो. आपण बांधलेले खोपटे आणि काचघर उचलून नेण्याची मुभा १९०८ चा कायदा देतो. त्यांची जागा मोकळी करायची असते, नाहीतर सफाईचा खर्च अंगावर येतो. परिषदेनेच जमीन परत घेतली, तर उभ्या पिकाची आणि मातीत घातलेल्या खताची भरपाई काही अटींवर मागता येते, आणि ती तरतूद १९२२ ची आहे. फळ्या आणि तावदाने बहुधा पुढच्या भाडेकरूला तशीच मिळतात. तबेल्यातून फुकट आणलेल्या लीदेला मात्र कायद्याच्या लेखी किंमत आहे.