अनारशाचं पीठ आणि आईचा हात

अनारशासाठी तांदूळ दळून झाले की आई चिमूटभर पीठ चाखत नसे की वासही घेत नसे. ती ते मुठीत आवळायची आणि मूठ उघडायची. मुटका टिकला, पण बोट लावताच मोडला, तर गूळ घालायला हरकत नाही. बोट लावूनही मोडला नाही, तर पीठ पुन्हा कापडावर पसरायचं. मूठ उघडताक्षणीच विस्कटला, तर तांदूळ जास्त सुकले, गोळ्याला पुढे दुधाचा हात लावावा लागणार.

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. पिठातला ओलावा मोजायचा तर आम्ही नमुना तोलतो, वजन स्थिर होईपर्यंत 105 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ठेवतो आणि पुन्हा तोलतो. त्यात काही तास जातात. आईला मूठ पुरायची. आईच्या हाताला चव होती असं तिला ओळखणारे सगळे म्हणतात. ती चव कुठून येत होती हे मला माझ्या विषयामुळे थोडंफार कळतं, म्हणून हा लेख.

अनारशाइतका नाजूक पदार्थ आपल्या फराळात दुसरा नाही. तांदूळ जुना हवा, तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. या दिवसांत तांदळाला किंचित आंबूस वास येतो, तो लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे. पाणी बदललं नाही तर नको ते जिवाणू माजतात आणि वास उग्र होतो. भिजून मऊ पडलेला दाणा दळताना स्टार्चचे कण कमी फुटतात, पीठ बारीक आणि मऊसूत येतं. कोरड्या तांदळाच्या तयार पिठाचा अनारसा मनासारखा होत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

खरी परीक्षा तुपात. गव्हाच्या पिठाला धरून ठेवायला ग्लूटेन असतं, तांदळात ते नाही. गरम तुपात गूळ वितळून पातळ होतो. अशा वेळी अनारशाला सावरतो तो शिजून चिकट झालेला स्टार्च. गूळ प्रमाणाबाहेर असेल तर स्टार्च शिजायला जास्त तापमान लागतं. तो शिजेपर्यंत गूळ वाहू लागतो आणि अनारसा हसतो, म्हणजे तुपात विरघळल्यासारखा पसरतो. आई पहिला अनारसा सोडून बघायची. तो हसला तर कढई उतरवायची, गोळ्यात मूठभर तांदळाची पिठी मिसळून मळायची आणि मगच पुढचा थापायची. कडक आला तर दूध, नाहीतर पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा. खसखशीची बाजू वर ठेवून ती मंद आचेवर झाऱ्यानं तूप उडवत राही, उलटत कधीच नसे. वाफ वरच्या बाजूनं बाहेर पडते आणि तिथंच जाळी पडते.

अनारसे दिवाळीचे, तसेच अधिक महिन्याचेही. जावयाला 33 अनारशांचं वाण देतात आणि अधिक महिना पुष्कळदा भर पावसाळ्यात येतो. 2015 साली अधिक आषाढ आला तेव्हा मी काटा आणि वही घेऊन आईशेजारी बसले. बाहेर पावसाची झड लागलेली. दिवाळीत ती चार वाट्या पिठाला तीन वाट्या किसलेला गूळ घ्यायची. त्या दिवशी तिनं तिसऱ्या वाटीतला बराच गूळ मागे ठेवला. का, असं विचारलं तर म्हणाली, "पीठच पाणी धरून बसलंय गं. एवढा गूळ घातलास तर सगळे हसतील." पावसाळी हवेत तांदूळ नीट सुकत नाहीत, गूळही हवेतलं पाणी ओढून घेतो. हे विद्यार्थ्यांना समजवायला मला फळ्यावर आलेख काढावा लागतो.

1970 साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी घरापासून दूर संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना धीर दिला. त्या पुस्तकाचं ऋण मोठं आहे. पण किसलेला गूळ वाटीत दाबून भरला की सैल, यानंसुद्धा वजनात फरक पडतो, आणि पिठातलं पाणी तर कुठल्याच वाटीत दिसत नाही. तो भाग करणाऱ्याच्या हाताकडेच राहतो.

आईच्या इतर पदार्थांतही हे दिसायचं. अळूच्या फतफत्यात चिंच घातल्याशिवाय ती कोणाला चाखू देत नसे. अळूत कॅल्शियम ऑक्सलेटचे टोकदार स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. आंबटानं खाज कमी होते, हे तिला तिच्या आईकडून ठाऊक होतं. गोड्या मसाल्यातलं दगडफूल ती सगळ्यात शेवटी, आच बंद करून कढईत टाकायची. दगडफूल हे शैवाल आणि बुरशी यांच्या सहजीवनातून झालेलं, अगदी पातळ असतं आणि क्षणात करपतं.

वय झालं तसं तिचं नाक मंदावलं. म्हातारपणी वासाची जाण कमी होते, स्वयंपाक करणाऱ्या बाईला ते फार लागतं. भिजलेल्या तांदळाचं पातेलं ती माझ्यापुढे धरायची. "माझं नाक गेलं आता. तू हुंग, आंबलंय की नासलंय?" मी सांगायची, मग ती विचारायची, "काल होता तसाच की वाढलाय?" वास नुसता घेऊन भागत नाही, कालच्याशी ताडून बघायचा असतो, हे मी त्या पातेल्यावर वाकून शिकले. पदवीच्या अभ्यासक्रमात ते असं कोणी शिकवलं नव्हतं. 2023 च्या अधिक श्रावणात आई नव्हती. वाणाचे अनारसे मी केले. गूळ किती मागे ठेवायचा हे वहीत होतं. तांदूळ कधी उपसायचे हे मात्र नाकानंच ठरवलं.

ज्यांची आई अजून ओट्याशी उभी राहते, त्यांना एक विनंती. यंदा फराळाची कृती तिला फोनवर विचारू नका, तिच्याबरोबर करायला बसा. ती हातानं जे घेईल ते आधी काट्यावर ठेवा, मग परातीत जाऊ द्या. चकली तेलात विरघळली तर काय करशील, कडक झाली तर काय करशील, हे मुद्दाम विचारा. या दुरुस्त्या तिच्या वहीत सापडायच्या नाहीत, कारण त्या लिहायच्या असतात असं तिला कधी वाटलेलं नसतं. आणि कृती लिहाल तेव्हा वर महिना घाला. आषाढातलं माप कार्तिकात चालत नाही.